तिमिंगिलगिल

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची पुण्यात. निघताना अवधूत सारखा म्हणत होता की ताई, या वयात कशाला नवं गाव. या वयात म्हणजे बेचाळिसाव्या. त्याचं ठीक आहे, नांदेडला त्याची बायको आहे, स्वराली आहे, नोकरी आहे. परभणीत आता माझं काय होतं? आई होती तोवर ते घर होतं. रेडिओवरचं निवेदनाचं काम उन्हाळ्यातच संपलं. त्यानंतर दिवसदिवस कोणाशी बोलणं होत नसे. संध्याकाळी भाजीवाल्याला भाव विचारला की स्वतःचाच आवाज ऐकून दचकायला व्हायचं.

खोली वारज्यात, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून हायवे दिसतो आणि पलीकडे टेकडीचा एक तुकडा. घरमालकीण द्वारकाकाकू खालीच राहतात. किल्ली देताना त्यांनी सांगितलं की पाणी सकाळी येतं, पाहुणे येऊ नयेत आणि भिंतीत खिळा ठोकायचाच असेल तर आधी स्वतःच्या डोक्यात ठोकून बघावा. हे त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या. मला फार आवडल्या.

हवा छान आहे. स्वेटर वर काढून ठेवलाय. परवापासून काम.

५ नोव्हेंबर, बुधवार

काम साधं आहे. एक बोलका शब्दकोश तयार होतोय. फोनवर शब्दाला बोट लावलं की तो शब्द कोणीतरी म्हणून दाखवणार. ते कोणीतरी म्हणजे मी.

स्टुडिओ नळस्टॉपजवळच्या एका गल्लीत, तळघरात. रेकॉर्डिंग करणारा चेतन पंचविशीचा असेल. मॅडम, तुम्ही फक्त चिल करा, बाकी सगळं मी बघतो, असं दर दहा मिनिटांनी म्हणतो. कोशाचे संपादक श्रीनिवास सर, निवृत्त संस्कृत प्राध्यापक. माझी दोन वाक्यं ऐकून म्हणाले की आवाज चांगला आहे, पण चांगला आवाज बातम्यांना लागतो, कोशाला स्वच्छ लागतो, तेवढं जमवा. मी जमवते म्हटलं.

आतली खोली बघण्यासारखी आहे. चारही भिंतींना आणि छताला जाड फोम. दार लागलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आधी आपला श्वास ऐकू येतो, मग छातीतली धडधड. मधे काच आहे, पलीकडे चेतन कानाला हेडफोन लावून बसतो. रेडिओवरही मी बंद खोलीतच बोलायचे, पण तिथे कोणीतरी ऐकतंय असं वाटायचं.

माझ्याआधी हे काम एका गृहस्थांनी केलं होतं. त्यांच्या सगळ्या फाइल खराब निघाल्या, म्हणून अ पासून पुन्हा.

९ नोव्हेंबर, रविवार

अवधूतचा फोन. रोज घरचं खाते का, जवळपास कोणाशी ओळख झाली का, वगैरे. झाली असं सांगितलं. दुसरं काय सांगणार? काल अख्ख्या दिवसात मी तोंडातून काढलेले शब्द म्हणजे एक बसचं तिकीट आणि एक अर्धा लिटर दूध. कामाचे शब्द यात धरलेले नाहीत. ते शेकड्यांनी म्हणते, पण ते कोणाला उद्देशून नसतात.

स्वरालीने फोन हिसकावून शाळेतली कविता म्हणून दाखवली. फोन ठेवल्यावर खोली जरा जास्तच मोठी वाटली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज ‘त’ मधले शब्द. चहाच्या वेळी श्रीनिवास सर आले, तेव्हा मी त्यांना ‘तिमि’ म्हणजे काय ते विचारलं. सर बोलायला लागले की ऐकत राहावंसं वाटतं.

तिमि म्हणजे समुद्रातला प्रचंड मासा, देवमाशासारखा, असं कुठल्याही कोशात सापडेल. पण शब्दाचं मूळ गमतीचं आहे, म्हणाले. ‘तिम्’ म्हणजे ओलं होणं, आणि त्याचाच दुसरा अर्थ निश्चल होणं. आपण स्तिमित म्हणतो, तो याचाच भाऊबंद. तिमीला जो गिळतो तो तिमिंगिल. आणि त्यालाही जो गिळतो तो तिमिंगिलगिल.

त्यालाही गिळणारा कोणी असेल की, असं मी म्हटलं. सर म्हणाले की त्यापुढच्याला लोकांनी देवाचं नाव दिलं. शब्द संपले की माणसं देवाचं नाव देतात. मग म्हणाले, ‘‘समुद्रात अजस्र मासा पाहिला म्हणून हा शब्द सुचला, असं सगळे समजतात. मला उलट वाटतं. आधी कोणाला तरी शांतता भेटली असणार. मासा नंतर सुचला.’’

चेतनने विचारलं, ‘‘सर, हे तुम्ही वर्गात पण असं सांगायचात? पोरं झोपत नव्हती?’’

‘‘झोपायची. म्हणून तर मी मोठ्याने बोलायचो.’’

मी हसून आत गेले, दार लावलं आणि माइकपुढे म्हटलं: तिमि.

शब्द संपल्यावर नेहमी श्वास ऐकू येतो. या वेळी नाही आला. म्हणजे मी श्वास घेत होते, छाती हलताना कळत होती. क्षणभरच. चेतनने काचेपलीकडून अंगठा दाखवला. बाहेर पडताना माइकच्या स्पंजला हात लागला, तर तो ओला होता. माझ्याच तोंडाची वाफ असणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कान दुखत नाहीत, पण काहीतरी झालंय. सकाळी कुकर ठेवला आणि त्याच्यासमोर उभी राहिले. वाफ उडाली, शिटी वर उचलली गेली, आवाज आला नाही. पंखा फिरतो तोही मुका. माणसं बोललेली मात्र स्वच्छ ऐकू येतात.

कोथरूडला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. सगळ्या तपासण्या करून म्हणाले की तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, घरी कोण कोण असतं? मी एकटी राहते म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि झोपेची गोळी लिहून दिली.

खिडकीच्या खालची भिंत ओलसर झालीय. काकूंना सांगायला हवं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चेतनला खोदून विचारलं. आधीच्या गृहस्थांचं नाव वैजनाथ. लोणी काळभोरचे, निवृत्त शिक्षक, खणखणीत आवाज. अ पासून सगळे शब्द त्यांनी म्हटले होते, तिमि आणि तिमिंगिलपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत, फोन नाही, काही नाही. त्याच आठवड्यात चेतनने त्यांच्या फाइल उघडल्या तर त्या रिकाम्या. पुसलेल्या नाहीत, म्हणाला. प्रत्येक फाइल तेवढ्याच लांबीची आहे, फक्त आत माणूस नाही.

त्यांनाही शेवटी शेवटी ऐकू येत नाही असं वाटायचं का, विचारलं. चेतनने उलट मलाच विचारलं, ‘‘तुम्हाला कोणी सांगितलं?’’

पत्ता घेतलाय. पुढचे दोन शब्द मी लांबणीवर टाकलेत. घसा बसलाय म्हणून सांगितलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

जे झालं ते नीट लिहून काढते.

हडपसरला बस बदलून दुपारी लोणी काळभोरला पोचले. घर गावाच्या कडेला, मागे ऊस. वैजनाथ यांच्या पत्नी प्रेमलाबाई दारातच भेटल्या. कोशाच्या कामावरून आले म्हटल्यावर त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं. दिवाळीच्या आधीपासून मालक गेलेत, म्हणाल्या. सांगून गेले नाहीत. पोलिसात दिलंय, फोटो दिलाय, पाव्हण्यारावळ्यांत विचारून झालं.

हे सगळं त्या सांगत होत्या तेव्हा त्यांच्या मागे कॉटवर एक माणूस बसला होता.

साठीचा, पांढरी दाढी वाढलेली, अंगातला सदरा भिजून अंगाला चिकटलेला. मला वाटलं दीर असतील. मग भिंतीवरच्या फोटोकडे लक्ष गेलं. तेच होते. माझी नजर त्यांच्यावर पडलेली कळताच ते ताडकन उठले आणि बोलायला लागले. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या होत्या, तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज अजिबात नव्हता. त्यांनी स्टीलचं ताट उचलून फरशीवर आपटलं. तेही मुकं. प्रेमलाबाईंनी वळून ताट उचललं आणि मांजराला शिवी दिली.

मी म्हटलं, ‘‘अहो, ते इथेच आहेत. तुमच्या मागे.’’

त्या वळल्या. त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर त्यांचा नवरा उभा होता, दोन्ही हात जोडून. त्या त्याच्या आरपार कॉटकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा बदलला.

‘‘बाई, माझ्या घरात दीड महिना चूल धड पेटली न्हाई. तुमी थट्टा कराया आलाय व्हय?’’

मी उठले. बाहेर पडले. ते माझ्यामागे बस थांब्यापर्यंत आले. ओठ सारखे तेच ते शब्द म्हणत होते. बसच्या काचेला त्यांनी तळहात लावला. बस निघाली तेव्हा काचेवर पाण्याचा ओघळ होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

एका शब्दाने मला तो माणूस दिसला. दुसऱ्याने ऐकू येईल. हे मला कोणी सांगितलेलं नाही, पण मला ठाऊक आहे. जीव तोडून काहीतरी सांगतायत आणि ऐकणारं कोणी नाही. ते काय असतं ते मला नको का कळायला?

आजच्या कामात तो शब्द होताच. नाही म्हणता आलं असतं.

म्हटला. दार लावून, एकटीने. तिमिंगिल.

चेतन काचेपलीकडे फोनमध्ये बघत होता. मग मान वर करून त्याने आत बघितलं, उठला, दार उघडलं. मी दारातच होते. ‘‘मॅडम?’’ म्हणून त्याने माझ्या पलीकडे हाक मारली. मग बाथरूमकडे जाऊन मारली. मग रस्त्यावर जाऊन.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लोणीला गेले. कंडक्टरने तिकीट विचारलं नाही.

ते ओट्यावर बसले होते. मला बघून उभे राहिले आणि त्यांचा आवाज आला. खरंच खणखणीत आवाज आहे. म्हणाले,

‘‘म्हणू नका म्हणून सांगत होतो, बाई. एवढंच सांगत होतो. म्हणू नका.’’

मग आम्ही दोघं रडलो. नंतर ते संध्याकाळपर्यंत बोलत राहिले, मुलांच्या शाळेबद्दल, उसाबद्दल, प्रेमलाबाई मीठ कमी घालतात त्याबद्दल. दीड महिन्याचं साचलेलं. मी ऐकलं. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

शब्द एकट्याने, शांत जागी म्हटला की त्या गिळणाऱ्याला ऐकू जातो, म्हणाले. श्रीनिवास सर हा शब्द आयुष्यभर म्हणत आलेत, पण भरल्या वर्गात. आता भरल्या घरात म्हणतात. त्यांना काही होणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

अवधूतचा फोन आला. मी उचलला. मी बोलले. अवधूत, मी आहे, अरे मी आहे. ओरडले. तो हॅलो, हॅलो करत राहिला. मग बायकोला, शेफालीला म्हणाला, ‘‘उचलते, पण बोलत नाही.’’ मागून स्वरालीने विचारलं, आत्या रुसली का?

मेसेज लिहिला. गेला नाही. पुन्हा पुन्हा लिहिला.

दुपारी काकू दुसऱ्या किल्लीने आत आल्या. न सांगता गेली म्हणाल्या, चेहऱ्यावरून बरी वाटली होती. मी बसले होते त्या अंथरुणाची चादर त्यांनी ओढून घडी केली. त्यांचा हात माझ्या खांद्याला लागला. त्यांनी हात पदराला पुसला आणि छताकडे बघितलं, कुठून गळतंय म्हणून.

२४ नोव्हेंबर, सोमवार

खिडकीबाहेर काहीतरी जातंय.

आधी वाटलं ढगाची सावली. हायवेवरच्या गाड्या दिसतात, ऊन दिसतं, पण मधून काहीतरी सरकतंय, काचेला लागून, करड्या रंगाचं. सकाळपासून जातंय. आता चार वाजले. अजून त्याची शेपटी आलेली नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वैजनाथ म्हणतात, त्यांनी तिसरा शब्द म्हणायचं ठरवलंय. ज्याने आपल्याला गिळलं त्याला गिळणारा आला, तर पहिल्याचं पोट फाटेल. मग कदाचित सुटू. मी म्हटलं, पोटातल्या पोटात गेलो तर? ते म्हणाले, ‘‘प्रेमला रोज माझं ताट वाढून झाकून ठेवते, बाई. समोर बसून ते बघणं मला आता होत नाही.’’

एकट्यानेच म्हणायला हवं, म्हणून उसात गेले. मला बांधावर थांबायला सांगितलं. इथेच बसून लिहितेय. उसाचं पान हलत नाही. ते आत काहीतरी—

२६ नोव्हेंबर

ही पानं वाचली. अक्षर माझंच आहे.

हे वैजनाथ कोण?

२७ नोव्हेंबर

वहीतल्या पत्त्यावर गेले. दारात एक बाई बसल्या होत्या. भिंतीवर फोटोची नुसती चौकट, आत कोरा कागद. शेजारणीने सहज विचारलं, मालकांचा काही तपास लागला का— आणि विचारता विचारता तिचीच चुळबुळ झाली, कोणाचा तपास ते तिलाच आठवेना. बाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र हातात धरलं. बराच वेळ बघत राहिल्या. हे कोणी घातलं ते त्यांना—

म्हणजे तिसरा शब्द हे करतो. मला त्या माणसाचा आवाजही आठवत नाही. खणखणीत असं मीच लिहिलंय.

मी तो म्हणणार नाही. अवधूतच्या डोक्यात मी अजून आहे. तेवढं राहू दे. तेवढं

२८ नोव्हेंबर

ते अजून जातंय. भिंतीतून पाणी. आवाज कशालाच नाही.

कालपासून खोलीत मी आणि

२९ नोव्हेंबर

अवधूत आलाय.

काकूंनी दार उघडून दिलं आणि खाली गेल्या. तो कॉटवर बसलाय. मी शेजारी, आमच्यात हातभर अंतर. केवढा थकलाय. रात्रभर प्रवास करून आलाय. माझा स्वेटर मांडीवर घेऊन बसलाय. ताई, ताई एवढंच म्हणतोय.

माझा फोन त्याच्या हातात. चेतनने मला तपासायला पाठवलेल्या फाइल उघडतोय, माझा आवाज ऐकायला. एक लावली. आवाज नाही. दुसरी. नाही. फाइलचं नाव वाचतोय—

नको, नको, नको. हात धरला त्याचा. त्याने हात पुसला—

म्हणाला. हळूच, एकटाच, या खोलीत. तिमि.

त्याने मान वर केली. माझ्याकडे बघतोय.

माझ्याकडे. आरपार नाही.

हसला. रडतोय. बोलतोय— कुठे होतीस, अशी भिजलीस कशी, बोल ना, ओठ हलतात पण ऐकू येत नाही, ताई, बोल ना—

मी बोलतेय. त्याला ऐकू येत नाही.

फोनकडे बघतोय. पुढचं नाव त्यावर आहे. त्याला कळलंय. लहानपणापासून हुशार. विचारतोय, ‘‘ताई, पुढचा शब्द म्हटला की तू ऐकू येशील का?’’

येईन.

मग नांदेडला स्वराली हॅलो हॅलो करत राहील. इथे आम्ही दोघं असू. मी एकटी नसेन.

उत्तराची वाट बघतोय. हातभर अंतरावर. एवढ्या दिवसांत मला कोणी काही विचारलं नव्हतं.

ओठ जुळवतोय. आता सांगायला हवं. मी मान